जीसीमध्ये तापमानाचा प्रोग्रॅम कसा बसवायचा आणि पीकला नाव कधी द्यायचं

समजा, सहा कार्बनच्या हेक्सेनपासून चोवीस कार्बनच्या मेणचट अल्केनपर्यंत सगळं एकाच कुपीत आहे. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) यंत्रात अशा नमुन्याची वाफ ओव्हनमधल्या लांब, बारीक नळीतून, म्हणजे कॉलममधून, वायूबरोबर जाते; घटक एकेक करून बाहेर पडतात आणि आलेखावर प्रत्येकाचं शिखर, म्हणजे पीक, उमटतं. अशा एका फेरीला रन म्हणतात. जीसीचा ओव्हन १०० अंशांवर स्थिर ठेवून हा नमुना सोडला, तर पहिल्या दोन मिनिटांत हलक्या संयुगांची चेंगराचेंगरी होते. मधले दोन-चार पीक सुरेख उभे राहतात. पुढचे इतक्या उशिरा आणि इतके पसरट येतात की पीक कुठला आणि बेसलाइनचा फुगवटा कुठला, हेच कळेनासं होतं. सर्वांत जड संयुगं तर त्या रनमध्ये बाहेरच पडत नाहीत आणि पुढच्या कुठल्यातरी रनमध्ये भलत्याच जागी उगवतात. ओव्हन २०० अंशांवर नेला, तर जड संयुगं वेळेत येतात, पण हलकी सगळी सॉल्व्हंटबरोबर वाहून जातात.

कुठलंही एक स्थिर तापमान या मिश्रणाला पुरणार नाही, कारण समजातीय श्रेणीत एकेक कार्बन वाढला की कॉलममध्ये अडकून राहण्याचा वेळ बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. चक्रवाढ व्याजासारखा. त्यावरचा उपाय म्हणजे रन चालू असताना ओव्हनचं तापमान ठरलेल्या वेगाने चढवत नेणं. मग तीच अल्केनची रांग जवळपास सारख्या अंतराने, सारख्या रुंदीने बाहेर येते.

हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं. तरीही प्रयोगशाळेत मी पुन्हा पुन्हा पाहतो ते असं, की प्रोग्रॅम कुणाच्या तरी जुन्या मेथडमधून उचललेला असतो, तो का तसा आहे हे कुणालाच सांगता येत नाही आणि पीक वेगळे झाले नाहीत की आकडे अंदाजाने हलवले जातात. खरं तर प्रोग्रॅम हिशेबाने बसवता येतो आणि त्यासाठी चाचणीचा एक रन पुरतो. तो कसा करायचा, त्यातून काय वाचायचं आणि शेवटी पीकला नाव देण्याआधी काय काय तपासायचं, ते इथे क्रमाने मांडतो. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा

जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये वायू-द्रव क्रोमॅटोग्राफीचं पहिलं काम प्रसिद्ध केलं. मेदाम्लं वेगळी करण्याच्या त्या कामात कॉलम स्थिर तापमानाला ठेवलेला होता. तिथे रेणूचा प्रवास सोपा असतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एकाच चालीचा. तापमान चढत असताना मात्र प्रवास वेगळा होतो. जड रेणू थंड कॉलमच्या तोंडाशीच स्टेशनरी फेजमध्ये, म्हणजे कॉलमच्या आतल्या पातळ थरात (फिल्ममध्ये), बसून राहतो. ओव्हन तापत जातो तसा तो अधिकाधिक वेळ वायूत घालवू लागतो आणि पुढे सरकू लागतो. त्याची चाल साधारण दर ३० अंशांना दुप्पट होते असं धरा. संयुगानुसार हा आकडा कमी-जास्त असतो, पण हिशेबाला चालतो.

आता गंमत बघा. चाल दर ३० अंशांना दुप्पट होत असेल, तर बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या ३० अंशांत रेणू निम्मा कॉलम पार करतो, त्याआधीच्या ३० अंशांत पाव कॉलम आणि त्याआधीच्या सगळ्या वेळात उरलेला पाव. म्हणजे कुठल्याही पीकच्या बाबतीत महत्त्वाचा प्रश्न ‘तो किती मिनिटांनी आला’ हा नाही. ‘तो आला तेव्हा ओव्हन किती अंशांवर होता’ हा आहे. याला मी बाहेर पडण्याचं तापमान म्हणेन. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

नमुना जीसीला चालतो का?

संयुग न विघटता वाफेत जात असेल तरच जीसीचा उपयोग. साखरा, अमिनो आम्लं, क्षार, प्रथिनं थेट चालत नाहीत. मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करून घ्यावे लागतात. ज्यांत हायड्रॉक्सिल गट जास्त, त्यांचं सिलिलेशन करावं लागतं, म्हणजे त्या गटांवर सिलिकॉनचा गट बसवावा लागतो. आधीच्या वापरातली कुपी, गढूळ द्रावण, तळाशी बसलेला साका हे सगळं आधीच थांबवा. न उडणारा भाग लायनरमध्ये (नमुना आत घेणाऱ्या भागातल्या, म्हणजे इनलेटमधल्या, काचेच्या नळीत) आणि कॉलमच्या पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये जमतो आणि पुढच्या प्रत्येक नमुन्याला त्रास देतो.

तीव्रता किती ठेवायची याचा साधा हिशेब आहे. ०.२५ मिलिमीटर व्यासाचा, ०.२५ मायक्रॉन फिल्मचा कॉलम एका घटकाचे साधारण ५० ते १०० नॅनोग्रॅम नीट पेलतो. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असं द्रावण असेल, तर एका मायक्रोलिटरमध्ये १००० नॅनोग्रॅम आले. स्प्लिट (वाफेचा थोडाच भाग कॉलमवर, बाकी बाहेर) ५० ला १ ठेवला की कॉलमवर जेमतेम २० पोचतात. ठीक. हेच द्रावण स्प्लिटलेस, म्हणजे न वाटता, सोडलं तर पीक पुढच्या बाजूने उतरता आणि मागून कड्यासारखा तुटलेला दिसेल. तो आकार दिसला की कॉलम बदलायला धावू नका. नमुना पातळ करा.

कॉलम

अनोळखी मिश्रणासाठी सुरुवात ५ टक्के फेनिल असलेल्या मिथाइल पॉलिसिलॉक्सेनच्या कॉलमवर करावी. ३० मीटर, ०.२५ मिलिमीटर, ०.२५ मायक्रॉन. तो जवळपास अध्रुवी आहे, ३२५ अंशांच्या आसपास टिकतो आणि संदर्भासाठी सर्वाधिक माहिती त्याच्यावरचीच उपलब्ध आहे. अल्कोहोल, आम्लं, एस्टर यांच्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा कॉलम, ज्याला सगळे वॅक्स म्हणतात, तो हाताशी हवा. पण त्याची वरची मर्यादा २५० अंशांच्या आसपासच संपते आणि गरम असताना ऑक्सिजन लागला की तो लवकर खराब होतो. अगदी हलक्या, वायुरूपाकडे झुकणाऱ्या संयुगांना एक मायक्रॉन किंवा त्याहून जाड फिल्म लागते. फार जड संयुगांना ०.१ मायक्रॉन.

कॉलमच्या टॅगवर वरच्या मर्यादेचे दोन आकडे असतात. कमी असलेला सतत वापरासाठी, जास्त असलेला प्रोग्रॅमच्या शेवटी थोडा वेळ पोचण्यासाठी. हे दोन्ही मेथड लिहिताना समोर ठेवा.

नवा कॉलम आधी थंड असतानाच पंधरा-वीस मिनिटं वाहक वायूने धुऊन घ्या, हवा पूर्ण निघू द्या आणि मगच हळूहळू तापवा: मेथडच्या शेवटच्या तापमानापेक्षा २० अंश वर, पण मर्यादेच्या आत. या वेळी कॉलमचं दुसरं टोक मास स्पेक्ट्रोमीटरला (रेणूचे तुकडे करून त्यांचे भार मोजणाऱ्या डिटेक्टरला) जोडू नका. वाहक वायू हायड्रोजन असेल, तर ते टोक ओव्हनमध्ये मोकळं सोडणं धोक्याचं आहे. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि बंद, तापलेला ओव्हन ही त्यासाठी अगदी वाईट जागा. कंडिशनिंग हेलियम किंवा नायट्रोजनवर करा.

वायू आणि रिकाम्या रेणूचा वेळ

हेलियम, हायड्रोजन, नायट्रोजन, तिन्ही चालतात. नायट्रोजन सर्वोत्तम काम करतो तो मंद वेगाला, सेकंदाला १० ते १५ सेंटिमीटरच्या आसपास. वेग वाढवला की पीक पसरतात. हेलियम त्याच्या दुप्पट वेगाला चांगला चालतो आणि हायड्रोजन त्याहूनही जास्त. प्रोग्रॅममध्ये याला एक वेगळं महत्त्व आहे: तापमान वाढलं की वायूचा चिकटपणा वाढतो. दाब स्थिर ठेवला असेल तर रन पुढे जाईल तसा प्रवाह कमी होत जातो. म्हणून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या यंत्रावर स्थिर प्रवाहाचा पर्याय निवडा. जुन्या यंत्रावर स्थिर दाबच असेल तर काम अडत नाही. फक्त ते मेथडमध्ये लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या यंत्रावर वेळा जुळणार नाहीत.

आता एक मोजमाप, जे बहुतेक जण गाळतात. जो रेणू कॉलममध्ये अजिबात अडकत नाही, तो आरपार जायला किती वेळ घेतो? एफआयडी (ज्वालेत जाळून संयुग ओळखणारा डिटेक्टर) असेल तर मिथेनचा छोटा डोस सोडा. मास डिटेक्टरवर हवेचा पीक चालतो. ३० मीटरच्या कॉलमवर हेलियमचा वेग सेकंदाला ३५ सेंटिमीटर असेल, तर हा वेळ ३०००ला ३५ने भागून ८६ सेकंद, म्हणजे सुमारे १.४ मिनिटं येतो. मिथेनचा पीक सरळ, सडपातळ आला तर कॉलमची जोडणीही ठीक आहे हे कळतं. शेपटीवाला आला तर पुढे जाण्यात अर्थ नाही. कॉलमची टोकं पुन्हा सरळ कापा, फेरूल (जोडणी घट्ट बसवणारी कडी) तपासा. नवे ग्राफाइट-पॉलिइमाइड फेरूल ओव्हनच्या पहिल्या काही तापण्या-निवण्यांत आक्रसतात, तेव्हा नट पुन्हा आवळायला विसरू नका.

नमुना आत सोडताना

एक मायक्रोलिटर द्रव म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्याची वाफ किती होते ते बघा. २५० अंश आणि नेहमीच्या इनलेट दाबाला एक मायक्रोलिटर हेक्सेनची वाफ ०.२ मिलिलिटरच्या आसपास होते. तेवढ्याच पाण्याची जवळपास १.४ मिलिलिटर. लायनरमध्ये जागा एक मिलिलिटरपेक्षाही कमी असते. पाण्याची वाफ लायनरमध्ये मावत नाही, वर वायूच्या नळ्यांत घुसते, तिथे थंडावते आणि मग पुढच्या रिकाम्या रनमध्येही तुमचे पीक दिसू लागतात. जलीय नमुना आधी सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये काढून घ्या.

स्प्लिट पद्धतीत सुरुवातीच्या तापमानाला फारसं बंधन नसतं. स्प्लिटलेसमध्ये असतं. तिथे नमुना कॉलममध्ये जायलाच पाऊण मिनिट घेतो. ओव्हन गरम असेल तर पीक जन्मतःच पाऊण मिनिट रुंद होईल. म्हणून सुरुवातीचं तापमान सॉल्व्हंटच्या उत्कलनबिंदूच्या १० ते २० अंश खाली ठेवतात. सॉल्व्हंट कॉलमच्या तोंडाशी द्रवरूपात साचतो, हलकी संयुगं त्यात अडकतात आणि सॉल्व्हंट उडाला की एका बारीक पट्ट्यातून निघतात. हेक्सेन ६९ अंशांना उकळतो, तर सुरुवात ५० ते ५५ वर. डायक्लोरोमिथेन ४० ला उकळतो; तिथे ओव्हन ३० पर्यंत खाली आणणं बऱ्याच खोल्यांत जमत नाही, म्हणून सॉल्व्हंटच बदललेला बरा.

चाचणीचा रन

आधी नुसतं सॉल्व्हंट सोडा. हा रन वेळेची नासाडी वाटतो, पण पुढे एखादा अनोळखी पीक आला की ‘हा नमुन्यातला की यंत्रातला’ याचं उत्तर फक्त त्याच्याकडेच असतं.

मग नमुना. सुरुवात ४० अंश, तिथे १ मिनिट थांबा. मिनिटाला १० अंश चढवत ३०० पर्यंत न्या, वर १० मिनिटं थांबा. इनलेट २५० ते २८०, एफआयडी ३२०. डिटेक्टर नेहमी ओव्हनच्या शेवटच्या तापमानापेक्षा गरम हवा, म्हणजे जड संयुगं तिथे गोठत नाहीत. रन सुरू करण्याआधी ओव्हन ४० वर स्थिरावायला एक-दोन मिनिटं द्या. हे स्थिरावणं घाईत उरकलं की सुरुवातीचे पीक एका रनमधून दुसऱ्या रनमध्ये सरकतात आणि माणूस इंजेक्शनला दोष देत बसतो.

आता क्रोमॅटोग्राम, म्हणजे पीकचा आलेख, हातात घ्या आणि पहिल्या आणि शेवटच्या पीकचा वेळ तापमानात बदला. समजा पहिला पीक ६ मिनिटांना आला. पहिलं मिनिट ४० वर गेलं, उरलेल्या ५ मिनिटांत ५० अंश चढले. तो ९० ला बाहेर पडला. शेवटचा २१ मिनिटांना, म्हणजे २४० ला.

इथे पहिला निर्णय होतो. चढण एकूण २६ मिनिटांची होती. सगळे पीक मिळून तिच्या पाव भागापेक्षा, म्हणजे साडेसहा मिनिटांपेक्षा कमी जागेत असतील, तर प्रोग्रॅमची गरजच नाही. स्थिर तापमान पुरेल आणि ते शेवटच्या पीकच्या बाहेर पडण्याच्या तापमानापेक्षा साधारण ४५ अंश कमी ठेवावं. आपल्या उदाहरणात पीक १५ मिनिटांत पसरलेत, तेव्हा प्रोग्रॅम हवाच.

सुरुवातीचं तापमान: पहिल्या पीकचं वजा ४५, म्हणजे ४५ अंश. हा ४५ कुठून आला, हे वरच्या चित्रावरून लक्षात येईल. शेवटच्या ४५ अंशांतच रेणू कॉलमचा जवळपास दोन-तृतीयांश भाग पार करतो. त्याहून खालून सुरुवात केली तर तो तोंडाशी नुसता बसून राहील आणि तुमची मिनिटं जातील. वरून केली तर सुरुवातीचे पीक दाटतील.

शेवटचं तापमान: शेवटच्या पीकचं अधिक २०, म्हणजे २६०. नमुन्यात आपल्याला नको असलेलं जड काही असेल, तर शेवटी वेगाने ३०० पर्यंत नेऊन पाच मिनिटं थांबा, कॉलम साफ होऊ द्या.

चढण्याचा वेग: रिकाम्या रेणूच्या एका वेळात १० अंश. आपला तो वेळ १.४ मिनिटं, म्हणून मिनिटाला सुमारे ७ अंश. याहून वेगाने चढलात तर पीक टोकदार दिसतात, पण ते जास्त तापमानाला बाहेर पडतात आणि तिथे स्टेशनरी फेजशी त्यांचा संबंध कमी आलेला असतो, म्हणजे वेगळेपणाही कमी. फार सावकाश चढलात तर रन लांबतो, पीक बुटके होतात आणि वेगळेपणात मिळकत थोडी. कॉलम अर्धा केला किंवा वायूचा वेग वाढवला तर रिकामा वेळ बदलतो आणि चढण्याचा वेगही त्याच प्रमाणात बदलावा लागतो. दुसऱ्याची मेथड जशीच्या तशी उचलली की फसते ती इथेच.

अडून बसलेली जोडी

नव्या प्रोग्रॅमवर बहुतेक पीक सुटतात आणि एखादी जोडी चिकटलेली राहते. तेव्हा हमखास होणारी चूक अशी: जोडी १५० ला बाहेर पडते, म्हणून १५० ला दोन मिनिटांचा थांबा टाकतात. काहीच फरक पडत नाही, कारण १५० ला ती दोन्ही संयुगं कॉलम ओलांडून गेलेली असतात. थांबा द्यायचा तो ती कॉलमच्या आत असताना, म्हणजे १५० वजा ४५, १०५ च्या आसपास. तिथे दोन मिनिटांपासून सुरुवात करून बघा आणि मग पुन्हा आधीचा वेग.

त्याने जमलं नाही तर चढण्याचा वेग निम्मा करून पाहा. यात नुसतं अंतरच नाही, कधी क्रमही बदलतो. तापमानाचा परिणाम प्रत्येक संयुगावर सारखा नसतो. वलयी संयुगं आणि सरळ साखळीची संयुगं यांत हे विशेष दिसतं. म्हणून वेग बदलल्यावर ‘पहिला तो अ आणि दुसरा तो ब’ असं गृहीत धरू नका, पुन्हा ओळख पटवा.

आणि काही जोड्या तापमानाने सुटतच नाहीत. सुगंधी तेलांचं काम करणाऱ्या प्रत्येकाला लिमोनीन आणि १,८-सिनिओल ही जोडी माहीत असते. ५ टक्के फेनिलच्या कॉलमवर त्यांचे निर्देशांक (ते काय, हे पुढच्या भागात येतं) १०२९ आणि १०३१ च्या आसपास. मिनिटाला ३ अंश इतक्या सावकाश चढूनही पीक जेमतेम फुटतो. मी त्यांच्यामागे बराच काळ प्रोग्रॅम हलवत बसलो होतो. वॅक्स कॉलम लावला आणि ते १२०० आणि १२१० च्या आसपास सुटे झाले. तापमानाने किती करायचं आणि कॉलमने किती, याचा निर्णय दोन-तीन प्रयत्नांत घ्यावा. त्यापुढे ओव्हनशी झगडू नये.

पीकला नाव

आता ओळख. रिटेन्शन टाइम, म्हणजे बाहेर पडायला लागलेला वेळ, जुळला म्हणून नाव दिलं, हे मला अजिबात मान्य नाही. कॉलमचा अर्धा मीटर कापला की तो वेळ बदलतो. यंत्र बदललं, दाब बदलला की बदलतो. वेळ हा यंत्राचा गुण आहे, संयुगाचा नाही.

संयुगाच्या जवळ जाणारा आकडा म्हणजे रिटेन्शन इंडेक्स, अर्थात निर्देशांक. कोव्हाट्सने १९५८ मध्ये स्थिर तापमानासाठी ही कल्पना मांडली: सरळ साखळीच्या अल्केनना मैलाचे दगड माना. डेकेन १०००, अनडेकेन ११००, डोडेकेन १२०० आणि बाकी सगळ्यांची जागा या दगडांच्या मध्ये मोजा. व्हॅन डेन डूल आणि क्राट्झ यांनी १९६३ मध्ये ती तापमान चढवण्याच्या पद्धतीला लागू केली. इथे अल्केन जवळपास समान अंतराने येत असल्यामुळे लॉगरिदम लागत नाही, साधं त्रैराशिक पुरतं.

अल्केनचं मिश्रण तुमच्या नमुन्याच्याच प्रोग्रॅमवर, त्याच दिवशी चालवा. समजा डेकेन ८.४० मिनिटांना आला, अनडेकेन १०.८० ला आणि अनोळखी पीक ९.१० ला. डेकेनपासून त्याचं अंतर ०.७०, दोन दगडांतलं अंतर २.४०. ०.७० भागिले २.४० म्हणजे ०.२९२; शंभराने गुणा, २९; डेकेनच्या १००० मध्ये मिळवा, १०२९. हा लिमोनीन असू शकतो. सिनिओलही असू शकतो, बीटा-फेलँड्रीनही. तिघे अगदी शेजारी आहेत.

एक सावधगिरी. हे त्रैराशिक तापमान चढत असतानाच्या भागातच खरं असतं. सुरुवातीच्या थांब्यात बाहेर पडणाऱ्या पीकना ते लावू नका, कारण तिथे अल्केन समान अंतराने येत नाहीत. लांब थांबा असलेल्या मेथडमध्ये पहिल्या दोन-तीन संयुगांचे निर्देशांक चुकतात ते यामुळेच.

पुढचा साक्षीदार मास स्पेक्ट्रम. ७० इलेक्ट्रॉन व्होल्टला घेतलेला स्पेक्ट्रम लायब्ररीशी ताडता येतो आणि सॉफ्टवेअर १००० पैकी गुण देतं. ९०० च्या वर गुण आले की लोक निर्धास्त होतात. टर्पीनच्या बाबतीत हे धोक्याचं आहे: अल्फा-पायनीन, सॅबिनीन, बीटा-फेलँड्रीन, सगळ्यांचा मोठा आयन ९३ आणि रेणुभार १३६, एकाच स्पेक्ट्रमला पाच नावं ९०० च्या वर मिळतात. तिथे इंडेक्स निवाडा करतो: अल्फा-पायनीन ९३५ च्या आसपास येतो, १०२९ ला येत नाही. उलट लिमोनीन आणि सिनिओल इंडेक्सने सुटत नाहीत, पण स्पेक्ट्रमने लगेच सुटतात: लिमोनीनचे ६८, ९३, १३६, सिनिओलचे ४३, ८१, १०८, १५४. चिकटलेल्या पीकमध्ये ६८ आणि १५४ या दोन आयनांचे आलेख वेगवेगळे काढा. दोघांची शिखरं थोडी सरकलेली दिसली, की आत दोघे आहेत. असा आलेख प्रत्येक मोठ्या पीकचा काढावा. सुबक, एकसंध दिसणारा पीक एकाच संयुगाचा असतोच असं नाही.

तिसरा साक्षीदार दुसरा कॉलम आणि मला तो फार आवडतो, कारण दोन कॉलमवरच्या निर्देशांकांतला फरकच रेणूबद्दल बोलतो. लिमोनीन ५ टक्के फेनिलवर १०३० च्या आसपास, वॅक्सवर १२०० च्या, फरक १७०. लिनालूल पहिल्यावर ११०० च्या आसपास, वॅक्सवर १५५० च्या, फरक ४५०. लिनालूलमध्ये हायड्रॉक्सिल गट आहे, वॅक्स त्याला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतो. अनोळखी संयुग वॅक्सवर चारशे-साडेचारशेने पुढे सरकलं, तर नाव कळायच्या आधीच त्यात ध्रुवी गट असल्याची खूण मिळते.

शेवटी शुद्ध संदर्भ पदार्थ. तो नमुन्यात थोडा मिसळून पुन्हा सोडा. पीक नुसता उंच झाला, रुंदी तीच राहिली, खांदा फुटला नाही, तर दोघे एकच असण्याची शक्यता बळकट होते. दोन वेगळ्या ध्रुवतेच्या कॉलमवर हे जमलं आणि स्पेक्ट्रमही जुळला, की नाव लिहा. संदर्भ पदार्थ मिळाला नसेल तर अहवालात ‘इंडेक्स आणि स्पेक्ट्रमवरून तात्पुरती ओळख’ असं स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही.

क्षेत्रफळाच्या टक्क्यांबद्दल थोडक्यात: एफआयडी ज्वलनक्षम कार्बन मोजतो, वजन नाही. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाहीत, ऑक्सिजनयुक्त संयुगं कमी दिसतात. ४० टक्के क्षेत्रफळ म्हणजे ४० टक्के वजन असं लिहायचं असेल, तर अंतर्गत मानक (नमुन्यात मोजून मिसळलेला ओळखीचा पदार्थ) वापरून प्रतिसाद गुणांक काढावेच लागतात.

बिघाड ओळखताना

तापमानाबरोबर बेसलाइन संथपणे वर जाणं आणि ओव्हन थंडावला की खाली येणं, हे स्टेशनरी फेजचं झिजणं आहे. थोडं असणारच. मास डिटेक्टरवर त्यात २०७ आणि २८१ हे आयन दिसतात. पण हेच आयन असलेले टोकदार, सुटे, नियमित अंतराने येणारे पीक दिसले, तर कॉलमला दोष देऊ नका. ते बहुधा सेप्टममधून (इनलेटवरच्या रबरी पडद्यातून) किंवा कुपीच्या झाकणातून येतात. सेप्टम बदला आणि लायनरमध्ये रबराचे कण पडलेत का ते पाहा. बेसलाइन अचानक, एका दिवसात चढली असेल तर गळती शोधा: मास डिटेक्टरवर २८ आणि ३२ वाढलेले असतील आणि गरम कॉलमात ऑक्सिजन जातोय. अशा वेळी रन तसाच चालू ठेवणं म्हणजे कॉलम गमावणं. पहिल्यांदा ओव्हन थंड करा.

फक्त अल्कोहोल आणि आम्लांना शेपटी आणि अल्केन सरळ, असं असेल तर लायनर किंवा कॉलमचं तोंड मळलंय. लायनर बदला, तोंडाकडचे वीस-तीस सेंटिमीटर कापा. सगळ्यांनाच शेपटी असेल तर जोडणी चुकली आहे. फक्त सुरुवातीचे पीक रुंद आणि नंतरचे टोकदार असतील, तर सुरुवातीचं तापमान आणि सॉल्व्हंट यांचं जमत नाहीये, नमुना आत सोडतानाचा भाग पुन्हा वाचा. रिकाम्या रनमध्येही पीक येत असतील आणि ते नेहमीपेक्षा रुंद असतील, तर ते मागच्या नमुन्यातलं राहून गेलेलं जड संयुग आहे. शेवटचा थांबा वाढवा.

मेथड जपून ठेवताना कॉलमचा प्रकार आणि प्रत्यक्ष लांबी, वायू, प्रवाह स्थिर की दाब स्थिर, रिकाम्या रेणूचा वेळ, इनलेटची सगळी माहिती, प्रोग्रॅमचा प्रत्येक टप्पा, ओव्हन स्थिरावण्याचा काळ आणि त्या दिवशीच्या अल्केनच्या वेळा, एवढं लिहा. कॉलम कापला की नवी लांबी टाका आणि अल्केन पुन्हा चालवा. वेळा सरकलेल्या दिसतील, निर्देशांक एक-दोन एककांच्या आत तिथेच राहतील. नाही राहिले, तर नमुन्याला हात लावण्याआधी वायू आणि ओव्हन तपासा.